परबांचे रविवार

परब पहिल्यांदा आमच्या दारात आले ते तक्रार घेऊन. मुलुंडच्या त्या सोसायटीत आम्हाला राहायला येऊन चारच दिवस झाले होते. दार उघडलं तर बनियनवर टॉवेल टाकलेला, पन्नाशीचा एक बुटका माणूस मान तिरकी करून उभा. म्हणाले, "तुमच्या हॉलमधल्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. भिंतीतून ऐकू येतं मला." मी काही बोलायच्या आत ते स्टुलावर चढलेही होते. तासाभराने पंखा पुन्हा लागला, माझ्या बायकोने, शैलाने चहा केला, आणि शेजारचे परब आमचे झाले.

ट्रॉम्बेला एका कारखान्यात ते टर्नर होते, लेथवर काम करायचे. मूळचे कुडाळकडचे. मुंबईत तीस वर्षं काढूनही रंगात आले की मालवणीत शिरायचे. कुणाचा मिक्सर, कुणाची शिलाई मशीन, सोसायटीचा पाण्याचा पंप, सगळ्यांवर त्यांचा कान. "दुखता तेव्हा ता वरडता," ते म्हणत. "आपण ऐकूक व्हया." या कामाचे पैसे ते घेत नसत. चहा मात्र दोनदा लागायचा.

त्यांच्याकडे राखाडी रंगाची एक जुनी विलायती गाडी होती. कारखान्यातल्या एका साहेबाने मोडीत काढायला ठेवलेली, ती परबांनी आणून दोन वर्षं खपून चालती केली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. दर रविवारी सकाळी ते आणि सुनंदावहिनी त्या गाडीतून पवईच्या तलावावर जात, बरोबर नेलेले पोहे खात आणि जेवायच्या वेळेला परत येत. वहिनी गाडीत बसताना साडी सावरून अशा बसायच्या की जणू लग्नाला निघाल्यात.

वहिनींची पाठ दुखायला लागली तेव्हा सगळ्यांनीच ते वयावर घातलं. निदान झालं तोवर कॅन्सर मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी परळच्या हॉस्पिटलात विजेचे शेक घ्यायला सांगितले, आठवड्यातून दोनदा. परब त्यांना मागच्या सीटवर उशा लावून आडवं झोपवून न्यायचे. आणि नेमका त्याच सुमारास गाडीचा मागचा शॉकअप गेला. खड्ड्यातून जाताना बसणारा दणका पोटात घेणारा हा भाग. तो गेल्यावर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट वहिनींच्या मणक्यात जायचा. एकदा मी बरोबर गेलो होतो. सायनपर्यंत वहिनींनी पदराचा बोळा तोंडात धरून ठेवला होता. परब आरशातून बघत होते आणि गाडी बैलगाडीच्या चालीने हाकत होते. मागून हॉर्नवर हॉर्न वाजत होते.

दुसऱ्या गाड्यांचा शॉकअप म्हणजे उभं नळकांडं. या गाडीचा वेगळाच, तळहाताएवढा बिडाचा डबा आणि त्यातून निघालेला एक दांडा. ती गाडी बंद होऊन जमाना झाला होता. दुसरा कुठलाही बसेना. परबांनी जुनाच उघडून आतलं झिजलेलं बुश काढून लेथवर नवीन कातून घातलं, पण डब्यालाच तडा गेलेला, त्यातून तेल गळायचं. तेव्हा त्यांनी ठरवलं, शोधायचा.

मग आमचे रविवार सुरू झाले. गाडी वहिनींसाठी राखून ठेवायची म्हणून माझी स्कूटर. परबांना दुचाकी येत नव्हती. सकाळी सातला ते दारात हजर, काखेत पिशवी, पिशवीत तो फुटका शॉकअप नमुन्याला. कुर्ल्याच्या भंगारगल्ल्या, साकीनाका, घाटकोपर, अंधेरीची गॅरेजं. सगळीकडे तेच. दुकानदार तो डबा उलटसुलट करून बघायचा आणि परत द्यायचा. "गावतलो रे अनंता, गावतलो," परब स्कूटरवर मागे बसून म्हणायचे. सापडेल, म्हणजे. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. घरची कामं चुकायची, वर पुण्य पदरात पडल्यासारखं वाटायचं. वहिनींपाशी तेवढा वेळ शैला जाऊन बसायची.

तीन महिने असे गेले. एका शनिवारी संध्याकाळी मी वहिनींना बघायला गेलो. परब खाली गाडीपाशी होते. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "भावोजी, उद्या तुमची स्कूटर बिघडू दे ना."

मी हसलो. "परब ती दहा मिनिटांत दुरुस्त करतील."

त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "मग कुठे गावाला जायचंय म्हणा. एकच रविवार. घरात बसलेले दिसले तरी पुरे. शैला येते, फार करते माझं. पण..." त्यांनी पुढचं सोडून दिलं. "मी म्हटलं असं सांगू नका हं. त्यांना वाटतं ते माझ्यासाठीच फिरतात. फिरतातच."

मी कबूल केलं. काय सांगायचं तेही ठरवलं, ठाण्याला मामेभावाकडे जायचंय.

सकाळी साडेसहालाच बेल वाजली. परबांचा चेहरा असा उजळलेला मी तीन महिन्यांत पाहिला नव्हता. कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की वेसाव्याच्या कोळीवाड्यात अगदी तशीच गाडी पडून आहे. "अनंता, आज गावलो म्हणून समज," ते म्हणाले. माझ्या तोंडून मामेभाऊ निघेना. मी किल्ली घेतली. खाली उतरल्यावर शेजारच्या खिडकीकडे वर बघितलं नाही.

गाडी होती. चाकं नव्हती, आत जाळी आणि टोपल्या कोंबलेल्या. घरातली म्हातारी कोळीण बाहेर आली. परबांनी हात जोडून सगळं सांगितलं, बायकोचं दुखणं, परळ, शेक, खड्डे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ने बाबा. नि तिच्यापाशी आता कोन हाय?"

"शेजारीण आहे," परब म्हणाले आणि गाडीखाली शिरले.

गंजलेले बोल्ट सुटायला दुपार झाली. आम्ही मुलुंडला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. परब वरसुद्धा गेले नाहीत, तसेच आपल्या गाडीखाली. मी वर गेलो. शैलाने वहिनींना कुशीवर वळवलं होतं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "स्कूटर बरी आहे ना, भावोजी?" आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मंगळवारी परळहून आल्यावर परबांनी जिन्यातच मला गाठलं. "ती म्हणाली, लागलंच नाही. सायनच्या पुलावर डोळा लागला तिचा." हे त्यांनी वॉचमनलाही सांगितलं, दूधवाल्यालाही. नवा शॉकअप बसल्यावर वहिनी त्या गाडीतून चार वेळा गेल्या. चौथ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता आणू नका. एका गुरुवारी दुपारी त्या घरीच गेल्या.

तेरावं झाल्यावर परब खाली गाडीत जाऊन बसायला लागले. मागच्या सीटवर. एके दिवशी मी दार उघडून त्यांच्या शेजारी बसलो.

"अनंता, तुझ्याकडे ती बोलली होती ना? एक रविवार थांबव म्हणून?"

मी मान डोलावली. वर बघायची हिंमत नव्हती.

"शेवटच्या दिवसांत मला म्हणाली. भावोजींवर रागावू नका, असंही म्हणाली." त्यांनी समोरच्या सीटची शिवण बोटाने चाचपली. "मी कित्याक रागावू? तू सांगितलं असतंस तरी मी गेलो असतो. घरात बसलो की ती दिसायची. ती कूस वळायची ना, ते मला बघवत नव्हतं रे. पार्ट शोधणं जमत होतं, म्हणून शोधत राहिलो. बाहेर पडलो की बरं वाटायचं मला. बरं वाटायचं." शेवटचे दोन शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि मग टॉवेल तोंडावर धरून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तोही उशिराच.

वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली, गाडी कुणाला तरी देऊन टाकली आणि कुडाळला भावाकडे राहायला निघाले. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. ट्रंक टपावर चढली. बस सुटायला अजून पाऊण तास होता. मी म्हटलं, "थांबतो, परब."

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा दंड धरला.

"आज रविवार आसा," ते म्हणाले. "शैला घरात एकटी असतली. तू जा."

मी नको नको म्हणत होतो. त्यांनी दंड सोडला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं, मी जाईपर्यंत तसंच ठेवलं. मग मी गेलो.