जन्माचं दुखणं

लाँड्रीवाल्या मावशींचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. कपडा हातात आला की आधी खिसे उलटे करायच्या, मग बटणं मोजायच्या. डाग दिसला तर गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरून बजावायच्या, "हा तुमचाच बरं का, नंतर आमच्या माथी मारू नका." चाळीस वर्षांत त्यांच्याकडून एक शर्ट जळला नाही की हरवला नाही. संशयाने बाईंचं भलंच केलं होतं म्हणा ना!

एका मंगळवारी चादरींचं गाठोडं उचलताना पाठीत कट्कन वाजलं आणि बाई जागीच बसल्या. हॉस्पिटलात फोटो काढले, तर हाडं ठिसूळ झालेली आणि एक मणका चेपलेला. मोठे डॉक्टर म्हणाले, "पाठ उघडायची नाही. बारीक नळीतून मणक्यात सिमेंट भरू. एक-दोन दिवसांत चालत घरी जाल."

"सिमेंट? मी काय भिंत आहे?" मावशी फणकारल्या. पण ते नको तर पट्टा बांधून तीन महिने पडून राहा, आणि इथे कुशीवर वळायलासुद्धा दोन माणसं लागत होती. बाई मुकाट्याने हो म्हणाल्या.

विमा जावयाच्या नोकरीतला होता आणि अर्जही त्यानेच भरला होता. चौथ्या दिवशी विमा कंपनीचं पत्र आलं: व्याधी जन्मजात असल्याने उपचार विम्यात बसत नाही.

जन्मजात! पाणी कुठंतरी मुरतंय, हे मावशींनी तेव्हाच ताडलं. अर्ज कोणी भरला? जावयाने. पत्र वाचून गप्प कोण बसलं? जावईच. मेल्याला सासू बरी व्हायला नकोच असेल, आता घरात आयती येऊन पडेल म्हणून डोळ्यांत खुपत असेल. तोंडावर मात्र "जावईबापू, जेवलात का?" आणि पाठ फिरली की लेकीच्या कानात, "त्याची कागदांची पिशवी बघ गं एकदा." लेकीने पिशवी उघडली आणि नेमकं त्याने पाहिलं. त्या दिवसापासून नवरा-बायको एकमेकांशी बोलेनात.

आठवड्याने लहान डॉक्टरीण तपासायला आली. मावशींनी तिलाच धारेवर धरलं, "जन्मजात असं कोणी लिहिलं? नाव सांग!"

तिने फाइल उघडली. "आजी, तुम्हीच सांगितलंत की. पहिल्या दिवशी मी विचारलं, कधीपासून दुखतंय? तुम्ही म्हणालात, जन्माचं दुखणं आहे बाई हे."

"अगं, ते आपलं बोलायचं म्हणून! उभं राहून राहून सगळ्यांचीच दुखते पाठ. म्हणून काय मी मोडका मणका घेऊन जन्मले?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पोरगी ओशाळली. तिने मोठ्या डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र लिहून घेतलं: मणका गाठोडं उचलताना मोडला, फोटोत हाड नुकतंच मोडलेलं दिसतं. तिसऱ्या दिवशी विम्याची मंजुरी आली. सिमेंट भरलं आणि दुसऱ्या दिवशी मावशी लेकीचा हात धरून संडासापर्यंत चालत गेल्या.

संध्याकाळी जावई एकटाच आला. मावशींचा जीव चुटपुटत होता. शेवटी त्यांनी बोलून टाकलं, "जावईबापू, चुकलं माझं. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी खोटंनाटं लिहिलंत. पिशवी बघायलाही मीच सांगितलं. तिच्यावर राग धरू नका."

त्याने स्टूल खाटेजवळ ओढलं. मग म्हणाला, "आई, पत्र आलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही जुनं दुखणं आमच्यापासून लपवलंत. हिलाही ते ठाऊक होतं आणि मला फसवून अर्ज भरून घेतला, असं धरून चाललो. त्यात ती पिशवी उघडताना दिसली, म्हणून बोलणं टाकलं तिच्याशी."

"अहो, मग विचारायचं नाही का मला?"

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"