अकरा जणांतली तक्रार

एकोणतीस जानेवारी. कारखान्यात कामाला असलेले जीव अकरा. कर्जाच्या अर्जात सत्तेचाळीस.

हा फरक पट्टीताईला त्या सकाळी खुद्द मालकाच्या तोंडून कळला. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिची एकोणीस वर्षे गेली होती. ॲप्रनच्या खिशात ती स्टीलची पट्टी बाळगायची आणि खोका सूतभर वाकडा आला तरी परत पाठवायची, म्हणून हे नाव पडले. मालक तिला बाजूला घेऊन म्हणाला, "आज आपण सत्तेचाळीस आहोत, लक्षात ठेव. बँकेचा साहेब तपासणीला येतोय. पाहुण्यांना कुठे उभं राहायचं तेवढं दाखव."

पाहुणे दोन टेम्पोंतून उतरले. कोणी मालकाच्या भाच्याचे मित्र, कोणी नाक्यावरून एका दिवसाच्या मजुरीवर उचललेले. त्यांना घडीसुद्धा न मोडलेले ॲप्रन मिळाले. पट्टीताईने त्यांना कापणीच्या, शिलाईच्या आणि खळीच्या टेबलांपाशी वाटून दिले. एका मुलीने हळूच विचारले, "ताई, इथे बनतं काय?"

"एरवी खोके. आज माणसं."

साहेबाने एकाला विचारले, "तुम्ही काय काम करता?"

"उभा राहतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

साहेबाला हसू आले. त्याने माणसे मोजली, सत्तेचाळीस भरली, चहा घेतला आणि तो निघून गेला.

मंदीच्या त्या वर्षी सरकारने छोट्या कारखान्यांसाठी कर्जाची योजना आणली होती. पैसे बँक देणार. बुडाले तर सरकार भरून देणार. अट एकच, की त्या पैशातून कामगारांचे पगार करायचे. जितकी माणसे, तितके कर्ज. बुडणारा पैसा दुसऱ्याचा असला की मोजणाऱ्याची नजर मऊ होते, हे मालकाने अचूक ओळखले होते. कर्ज मंजूर झाले. तेव्हा कामगारांचा चार महिन्यांचा पगार थकला होता. पैसे आल्यावर तो पाच महिन्यांचा झाला, मग सहा, मग सात. मालकाच्या घरावर मात्र दुसरा मजला चढू लागला. एका दुपारी काम नाही म्हणून खळवाल्या काकांना तिथे फरश्या वाहायला पाठवले गेले. काका सव्वीस वर्षे खळ शिजवत आलेले, आणि जीभ काबूत ठेवणे त्यांना कधी जमले नव्हते. ते मालकाला म्हणाले, "शेठ, माझ्या पगाराची फरशी कोणती तेवढी दाखवून ठेवा. चुकून पाय नको पडायला."

सगळे हसले. मालक हसला नाही.

पट्टीताईच्या घरी सासू, मुलगी आणि दीर. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. दीर त्याच कारखान्यात कापणीच्या मशीनवर होता. तिच्या मनात काय चालले आहे ते त्याने तिच्या गप्प बसण्यावरून ताडले.

"वहिनी, नसत्या भानगडीत पडू नकोस. उद्या सील लागलं तर खायचं काय? पुठ्ठा?"

"आणि आत्ता काय खातोय?"

"आत्ता निदान आशा तरी आहे."

"आशेवर किराणावाला उधार देत नाही, भावजी. आज त्याने तुमच्या आईला दारातून परत पाठवलं."

दीर अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी तिने जिन्यात उभे राहून सरकारी तक्रार कक्षाला फोन केला आणि दोन टेम्पोंची हकिगत सांगितली. पलीकडची बाई मायेने म्हणाली, "नाव सांगायलाच हवं असं नाही हं. आम्ही निनावी तक्रारही घेतो." पट्टीताईने नाव सांगितले नाही. तिला त्या सोयीचा आधारच वाटला.

चौकशीचे पत्र बँकेत पोहोचले आणि बँकेतून बातमी मालकापर्यंत. त्याने सगळ्यांना मधल्या मोकळ्या जागेत उभे केले. "तुमच्यातला एकजण घरभेदी आहे," तो म्हणाला. "मी शोधून काढणार." त्यानंतर जेवणाचे डबे एकमेकांकडे पाठ करून उघडले जाऊ लागले. हजाराच्या कारखान्यात निनावी माणूस गर्दीत मिसळून जातो. इथे मिसळायला गर्दीच नव्हती. प्रत्येक नजरेला कुठे तरी टेकणे भाग होते. ती खळवाल्या काकांवर टेकली.

"दुसरं कोण असणार? तोंड त्यांचंच चालतं," शिलाईवाली मावशी म्हणाली. पट्टीताई शेजारीच होती. तिने मान खाली घालून खोके मोजले. त्या दिवशी ती बोलली नाही, आणि तिच्याविषयी लिहिताना हे गाळता येत नाही.

शनिवारी मालक खळीच्या टेबलाशी आला. "म्हातारबा, सोमवारपासून यायचं नाही. आणि हिशेबबिशेब विसरा."

काकांनी हातातला ब्रश डब्यात ठेवला. "शेठ, फोन मी केलेला नाही. आता वाटतंय, करायला हवा होता. नाही तरी हाकलताच आहात, निदान फुकट तरी गेलो नसतो."

कोणी हसले नाही. कापणीच्या मशीनपासून दिराने पट्टीताईकडे पाहिले आणि अगदी थोडीशी मान हलवली: नको. तिने ते पाहिले. मग शेजारच्या शिलाई मशीनचे बटण बंद केले.

"शेठ, काकांना थांबवा. फोन मी केला."

मालकाला आधी खरेच वाटेना. "तू? एकोणीस वर्षं माझं मीठ खाल्लंस तू!"

"मीठ माझ्या कमाईचं होतं, शेठ. सात महिने झाले, तेही उधारीचं आहे."

"पुरावा काय तुझ्याकडे?"

"त्या छत्तीस जणांना टेबलांपाशी उभं कोणी केलं? मी. त्यात माझाही हात होता, तेही सांगणार आहे."

"आत जाशील, समजतंय का?"

"जाईन. माझ्या नावावर जाईन. काकांना माझ्या नावाचं ओझं नको."

"चालते व्हा," मालक ओरडला. "दोघंही!"

फाटकाबाहेर आल्यावर काका म्हणाले, "पोरी, मला वाचवायला निघालीस आणि दोघांचीही गेली की!"

"तुमची माझ्यामुळे गेली होती, काका. माझी मी सोडली. यात फरक आहे."

"फरक आहे खरा," काका म्हणाले. "तो किराणावाल्याला समजावून सांग म्हणजे झालं."

सोमवारी ती तक्रार कक्षात स्वतः गेली. तिथला कारकून भला माणूस होता. "बाई, निनावीच राहू द्या. नाव घातलंत की तारखांना चकरा. वकील उलटसुलट विचारतील, तुम्हालाच आरोपी करतील."

"अहो, आम्ही अकरा जण. त्यात निनावी म्हणजे उरलेल्या दहांची नावं लिहिण्यासारखं आहे. माझं एकटीचं लिहा."

त्याने लिहिले. तिने माणसे कशी उभी केली तेही लिहायला लावले आणि खाली सही केली.

या वेळी तपासणी न सांगता झाली. टेबलांपाशी नऊजण सापडले. उरलेल्या माणसांचे काय झाले, या प्रश्नाला मालकाने सगळे रजेवर असल्याचे उत्तर दिले. शिलाईवाल्या मावशीने पुढच्या आठवड्यात स्वतःहून जाऊन जबाब दिला. दिराने दिला नाही. तो अजून कामावर जातो, घरी पैसे आणत नाही, कारण मिळतच नाहीत, आणि वहिनीशी सासूच्या मार्फत बोलतो. पट्टीताई एका औषधाच्या गोदामात रोजंदारीवर माल भरते. चौकशीच्या तारखेला रोजगार बुडतो. ती प्रत्येक तारखेला जाते. पहिल्या तारखेला मालकाच्या वकिलाने तिला विचारले, की मालकावर तिचा राग आहे ना. ती म्हणाली, "आहे. त्यामुळे टेम्पो खोटे होत नाहीत."

कर्ज बुडाले म्हणून बँकेने हमीची रक्कम सरकारकडे मागितली आणि ती बँकेला मिळाली. चौकशी चालू आहे. अकरा जणांचा थकलेला पगार आणि खळवाल्या काकांचे सव्वीस वर्षांचे देणे अद्याप मिळालेले नाही.