पन्नाशीपुढचे

मी संख्याशास्त्र विभागातली क्लार्क. फटकळ आहे असं सगळे म्हणतात, म्हणोत बापडे. दोन वर्षांत आमच्या विभागातल्या पाच प्राध्यापकांचे राजीनामे मी टाइप केले. पहिल्याला वेळ लागला, पुढे नुसतं नाव आणि तारीख बदलायची. कारण सगळ्यांचं एकच, ‘वैयक्तिक’. पगार दोन-दोन महिने लांबायचा आणि हातात पडेपर्यंत महागाईने निम्मा खाल्लेला असायचा. याला वैयक्तिक म्हणायचं असेल तर म्हणा. पाचातला एक आता टॅक्सी चालवतो. इकडे लिफ्ट बंद, एकाआड एक ट्यूब काढून ठेवलेली आणि खडूचा डबा माझ्या कपाटात, कुलपात.

उरले एकटे टक्के सर. हे नाव पोरांनी ठेवलेलं. ‘बरेच लोक असं करतात’ असं कुणी बोललं की सर विचारायचे, "बरेच म्हणजे किती टक्के?" वय बावन्न, कोट एकच, त्याच्या कोपरांना वहिनींनी आतून ठिगळ लावलेलं. गेलेल्या पाचही जणांचे तास त्यांच्याच गळ्यात पडले होते. शिकवून शिकवून घसा बसायचा. लेक दुसऱ्या कॉलेजात औषधशास्त्राला होती, पण फी झेपेना म्हणून सहा महिने घरीच होती. लोकांची मुलं शिकवायची आणि आपली घरी बसवायची, हे त्यांना आतून खात होतं. बोलायचे नाहीत, पण लेकीच्या वयाची एखादी मुलगी शंका विचारायला आली की त्यांचं लक्ष उडायचं.

अशात वहिनींच्या भावाने सरांसाठी विमा कंपनीत जागा काढली. गाव दुसरं, पण पगार तिप्पट आणि वर राहायला घर. महिनाअखेरपर्यंत हो म्हणायचं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात विद्यापीठाला सुचलं, की प्राध्यापक नोकरी सोडण्याचा विचार का करतात याची पाहणी करावी. काम अर्थातच सरांकडे आलं. शंभर प्राध्यापक, शंभर फॉर्म.

वहिनींचा विभागात फोन आला. "ताई, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना. दादा किती दिवस थांबणार?"

मी सांगितलं. "सर, पाहणी गेली उडत. तुम्ही आधी हो म्हणून मोकळे व्हा."

"अहो, विद्यापीठाच्या समितीपुढे हे सगळं आकड्यांत ठेवलं की त्यांना काहीतरी करावंच लागेल," सर म्हणाले. "मग कुणालाच जावं लागणार नाही. मलाही नाही."

खरं समोर मांडलं की लोक सुधारतात, यावर त्यांचा जन्मभराचा विश्वास. त्यांना हसावं की रडावं, मला कळेना.

महिनाअखेरीला फॉर्म झाले सत्त्याण्णव. मी म्हटलं, "तीन मी भरते, वेगवेगळ्या पेनांनी." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाचं पाकीटच मारलंय. मेहुण्याकडून आठवड्याची मुदत मागून घेतली आणि त्या तिघांसाठी पाच-पाच मजले चढले. शंभरावा फॉर्म मिळाला दहा तारखेला. जागा आठ तारखेलाच भरली होती.

वहिनींनी एकदाच फोन केला. "झाले का शंभर?" मी हो म्हटल्यावर "बरं" म्हणाल्या आणि ठेवला.

अहवाल मीच टाइप केला. पगार, तासांचं ओझं, घरभाडं, अपमान, सगळं आकड्यांत. एका तक्त्यावर मात्र माझा हात थांबला. पन्नाशीपुढच्या चौतीस जणांपैकी एकतीस जणांना नोकरी सोडावीशी वाटत होती, पण बाहेर अर्ज एकानेही केलेला नव्हता.

"सर, हे कशाला घालताय?"

"आहे म्हणून."

समितीने तोंड भरून कौतुक केलं. सरांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू दिसलं. पंधरा दिवसांनी परिपत्रक आलं. शिक्षक टिकावेत म्हणून खास भत्ता, पण पन्नाशीच्या आतल्यांनाच. खाली कारण दिलं होतं, ‘सदर अहवालातील तक्ता नऊनुसार पन्नाशीपुढील प्राध्यापक नोकरी सोडण्याची शक्यता नाही.’

तास संपवून सर आले तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उभ्यानेच वाचला, कपाटातून अहवाल काढला, तक्ता नऊ उघडला आणि ओळीओळीवरून बोट फिरवलं.

"आकडा बरोबर आहे," ते म्हणाले.

"आकडा खड्ड्यात गेला हो सर!"

ते खुर्चीत बसले. मग खाली बघत म्हणाले, "सकाळी लेकीला सांगून आलोय. भत्ता होतोय असं ऐकलंय, कॉलेजात जाऊन चौकशी कर म्हणून. ती निघाली नसेल तर... तुम्ही करता का फोन? मला नाही जमणार."

मी फोन लावला. तिनेच उचलला. धापा टाकत होती, नुकतीच बाहेरून आली असावी.

"बाबा आहेत का? त्यांना सांगा, मला परत घेतायत! सोमवारपासून या म्हणाले!"