साडूभाऊंचा फॉर्म

आमच्या साडूभाऊंइतक्या तातडीने निर्णय घेणारा माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात मिळणार नाही, आणि त्यांच्याइतका चेंगट माणूसही मिळणार नाही. ही दोन माणसं एकाच देहात कशी नांदतात, हे माझ्या मेहुणीला बावीस वर्षांच्या संसारात उमगलं नाही, तर मला कुठून उमगणार? साडूभाऊ नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्याच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर आहेत. चालवत नाहीत, मागे पेशंटजवळ बसतात. उलटलेल्या टेम्पोतून आधी कोणाला काढायचं, हे ते गाडीतून उतरता उतरता ठरवतात. तेच साडूभाऊ रविवार कारंजावरच्या दुकानात पांढरा शर्ट घ्यावा की पांढऱ्यावर निळी रेघ असलेला, या प्रश्नावर दीड तास उभे राहतात आणि शेवटी रुमाल घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या घरी फ्रिज यायला तीन उन्हाळे लागले. कोणी विचारलं की म्हणायचे, "घाई कशाला? फ्रिजवाचून कुणाला धाप लागलीय का?"

लग्नाला गेले तर हे नवरानवरीकडे बघत नाहीत. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांकडे बघतात. "त्या फेटेवाल्या बाबांना पाणी द्या," असं शेजारच्याला सांगतात, आणि मंगलाष्टकं संपायच्या आत ते बाबा खरोखरच डुलायला लागतात. हळूहळू नातेवाइकांत एक धास्ती बसली. साडूभाऊंनी एकदा बघितलं तर ठीक, पण दोनदा बघितलं की धडधाकट माणूससुद्धा आपली नाडी चाचपायला लागतो. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला असताना नाशिकरोडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाने खिडक्यांचं, उजेडाचं कौतुक केलं. साडूभाऊ मात्र अर्धा तास जिन्यात. वर येऊन हात धुतले आणि पंगतीत सर्वांदेखत म्हणाले, "घर झकास हाय. फक्त आजारी पडायचं तर खाली येऊन पडा, जिन्यात स्ट्रेचर वळत नाय." आमची ही त्यांच्याशी पुढे पंधरा दिवस बोलली नाही.

पेशंट शुद्धीवर कितपत आहे, हे ओळखायची त्यांची पद्धत त्यांनी स्वतःच बसवलेली. डोळ्यांत बॅटरी मारतात ती दाखवण्यापुरती. खरी तपासणी म्हणजे, "बाबा, गाव कोणतं?" आपल्याकडचा माणूस निम्मा बेशुद्ध असला तरी गाव सांगतोच. गाव सांगितलं तर बरं. पुढचा प्रश्न, मामाचं गाव. तेही बरोबर आलं तर उत्तम. आणि उलट पेशंटनेच साडूभाऊंना गाव विचारलं, तर गाडी वळवून त्याला घरी सोडायला हरकत नाही, असं त्यांचं शास्त्र. सायखेड्याचा हा माणूस या पद्धतीने चोवीस वर्षं लोकांना बोलतं ठेवून दवाखान्याच्या दारापर्यंत आणत होता. पेशंटला काय झालंय, हे मात्र त्याच्यादेखत एका शब्दाने बोलत नसत. गावाची चौकशी संपली की कोथिंबिरीच्या भावावर येत.

तर अशा माणसाच्या हातात दवाखान्याने नोटीस ठेवली. दिवाळीनंतर पेशंटजवळ बसायचं असेल तर इमर्जन्सी टेक्निशियनचं राष्ट्रीय प्रमाणपत्र पाहिजे. नसेल तर केसपेपरच्या खिडकीत बसा. परीक्षेचा फॉर्म चार पानांचा. तो डब्याच्या पिशवीत गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. रोज सायखेड्याहून द्वारकेला यायचा, रोज परत जायचा. त्यावर गवारीच्या भाजीचा डाग पडला, पण सही काही पडेना. शेवटी मेहुणीने मला फर्मान सोडलं, "भाऊजी, निदान सरावाच्या परीक्षेला तरी घेऊन जा यांना."

मी घेऊन गेलो. शिकवणाऱ्या मॅडम साडूभाऊंच्या निम्म्या वयाच्या. जमिनीवर रबरी पुतळा निजलेला. साडूभाऊंनी बाह्या सारल्या, गुडघ्यावर बसले, मानेला बोटं लावली आणि मायेने विचारलं, "बाबा, गाव कोणतं?"

सगळा वर्ग हसला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, त्याला गाव नाही. तुम्ही काय तपासताय, काय आढळलं, ते प्रत्येक वेळी मोठ्याने बोला. बोललात तरच मार्क."

"ह्याच्यादेखत?"

"हो, त्याच्यादेखतच."

साडूभाऊ उठले, मॅडमच्या जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "श्वास नाय. पण त्याला कळू देऊ नका."

पुढचं सगळं त्यांच्या हातांनी चोख केलं, एकही शब्द न बोलता. मॅडमनी नाइलाजाने नापास लिहिलं.

परतताना मी थट्टेची पूर्ण तयारी केली होती. पण तेच मला म्हणाले, "साडूभाऊ, खरी परीक्षापण अशीच नापास झालो तर? इतकी वर्षं ज्यांच्या छातीवर हात ठेवला, ती माणसं म्हणतील, नापास माणूस बसला होता आमच्याजवळ."

फॉर्मच्या मुदतीला चार दिवस उरले होते तेव्हा एका रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले. फॉर्म भरायचा नाही, खिडकीत बसायचं, हे सांगायलाच आले होते. मी त्यांच्यावर तोंडसुख घ्यायला सरसावलो, तेवढ्यात माझा डावा हात जड झाला आणि कपाळाला घाम फुटला. साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या हाताच्या खुर्चीत बसवलं आणि वॉचमनच्या मदतीने खुर्चीसकट उतरवलं. प्रत्येक वळणावर खुर्ची कशी फिरवायची, हे वास्तुशांतीच्या दिवशीच ठरलेलं असावं. त्यांनी फोन करून बोलावलेली अ‍ॅम्ब्युलन्स सुटली आणि ते सुरू झाले, "मामाचं गाव कोणतं, साडूभाऊ?"

मी घाबरलो होतो, लपवण्यात अर्थ नाही. म्हणालो, "मला तुमची ही युक्ती ठाऊक आहे. गाव विचारू नका. काय चाललंय ते सांगा. तुम्ही सांगत नाही म्हणून मी भलभलतं समजतोय."

मग ते मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "श्वास चालू हाय. नाडी पळतेय, पण हाताला लागतेय. आता ऑक्सिजन लावतो. लावला. दवाखान्यात कळवलंय, माणसं दारात उभी असतील." प्रत्येक वाक्याला मी धरून राहिलो. खरंच, दुसरं धरण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या खाटेशी आले. "बोललेलं बरं वाटलं का, खरं सांगा."

"वाटलं."

त्यांनी पिशवीतून तो गवारीच्या डागाचा फॉर्म काढला आणि शर्टाच्या खिशातलं पेन काढून सही केली. एवढंच.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टरांची परवानगी काढून मी सोबत गेलो. दारापाशी आल्यावर साडूभाऊंचे पाय थबकले. निळं पेन न्यावं की काळं, हा प्रश्न उभा राहिला होता. कपाळाला घाम. मी त्यांचं मनगट धरलं. नाडीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण धरलं.

"गाव कोणतं?"

"सायखेडा."

"मामाचं गाव?"

"चांदोरी." आवाज अगदी बारीक. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही मामाचं गाव सांगितलंच नाय. कोणतं?"

"ओझर," मी म्हणालो आणि मनगट सोडलं. "जा आता."

मी बाहेर बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आतून त्यांचा आवाज आला, मोठा आणि सुटा सुटा. "बाबा, घाबरू नका. आता तुमचा श्वास बघतो."

निकाल अजून लागायचा आहे. पण त्या पुतळ्याला त्या दिवशी एकटं वाटलं नसेल, एवढं मी पैजेवर सांगतो.