धुरपताबाईच्या हातावरचं नाव

नाव धुरपताबाई. नवरा भैय्यालाल, हयात. वय अंदाजे चाळीस. पुरावा मागितला असता "मोठ्या दुकाळात मी मायच्या पोटात होती" एवढाच देते. राहणार दरेकश्याच्या बाजूची वस्ती, जिल्हा भंडारा. धंदा धानाची रोवणी, निंदण व उन्हाळ्यात तेंदूपान तोडणे. वर्ण सावळा, बांधा काटक, बोलणे तोडून. ओळखीची खूण: उजव्या हातावर मनगटाच्या वर पूर्वी एका इसमाचे नाव गोंदलेले होते, औषधोपचाराने ते पूर्णपणे नाहीसे करण्यात आले आहे. तब्येत समाधानकारक.

हे वर्णन केवलराम कंपाउंडरचं. दवाखान्याच्या पुस्तकात त्याने ते इतक्या सुरेख अक्षरात उतरवलं आहे, की त्यात काही खोट असेल अशी शंका घ्यायलाही जीव धजत नाही. समाधान नेमकं कुणाचं झालं, याला मात्र त्या पुस्तकात रकाना नव्हता.

आता तो इसम. आसाराम हा धुरपताबाईचा पहिला नवरा. ती तेव्हा अर्जुनीकडे नांदत होती. आसाराम दोन इयत्ता शिकला होता आणि त्या दोन इयत्ता कुठे ठेवाव्यात हे त्याला कळत नसे. नांगराच्या दांडीवर, घराच्या कुडावर, बैलाच्या शिंगावर, जागा दिसली की तो आपलं नाव लिही. लग्नानंतरच्या शिवरात्रीला दोघं प्रतापगडच्या यात्रेला गेली. तिथे गोंदणारीण बसली होती. धुरपताला हवा होता विंचू, मैत्रिणींच्या हातावर होता तसा. आसारामाने कोळशाच्या काडीने तिच्या हातावर आपलं नाव काढलं आणि गोंदणारणीला म्हणाला, यावरून सुया चालव. गोंदणारणीला अक्षर येत नव्हतं, धुरपतालाही येत नव्हतं. एकीने इमानाने टोचलं, दुसरीने दात दाबून टोचून घेतलं. हात सुजला, ताप आला, हळद लावून लावून आठवडाभर ती पडून राहिली. धुरपताच्या लक्षात राहिला तो ताप.

पुढे हैजाची साथ आली आणि आसाराम गेला. कुडावरचं नाव पावसाने धुऊन नेलं, बैल विकला गेला, नांगर दिराने नेला. हातावरचं राहिलं. वर्षा-दीड वर्षाने धुरपताने भैय्यालालशी पाट लावला आणि ती दरेकश्याकडे आली.

भैय्यालाल माणूस बरा. स्टेशनाजवळच्या लाकडाच्या डेपोत ओंडके चढवायचा, आणलेली मजुरी घरात द्यायचा, हात उगारायचा नाही. बायकोच्या हातावर काहीतरी हिरवं आहे हे त्याने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्याला ती वेल वाटली. बाया वेली गोंदवतात. धुरपताने लपवलं नाही, आणि सांगितलंही नाही, कारण सांगायचं म्हणजे नाव घ्यावं लागलं असतं. नवऱ्याचं नाव बाईने तोंडातून काढायचं नसतं. नवरा मेला म्हणून ते मोकळं होतं की नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने आपलं न बोलणं पत्करलं. दहा-अकरा वर्षं दोघांचा संसार त्या वेलीखाली सुखाने चालला.

घात केला शिक्षणाने.

सन एकोणचाळीसच्या सुमारास गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. यादोराव मास्तर कंदील घेऊन चावडीवर बसू लागले. म्हाताऱ्या मुलांना धाक कसला दाखवणार, म्हणून ते त्यांना गोडीगुलाबीने सांगत, की पाटीवर शिकलेलं पाटीवर ठेवू नका, घरी जाऊन जे जे लिहिलेलं दिसेल ते वाचून पाहा. उपदेश चांगला होता. पण भैय्यालालच्या घरात पंचांग नव्हतं, पोथी नव्हती, साध्या आगपेटीवरही चित्रच होतं. त्या घरात लिहिलेली वस्तू एकच होती, आणि ती दोन वेळा त्याच्या ताटात भात वाढत होती.

उन्हाळ्याच्या तोंडी एके संध्याकाळी तिचा हात ताटावर आला आणि भैय्यालाल थबकला. त्याने मनगट धरलं, दिव्याकडे वळवलं, आणि वर्गात म्हणायचा तसं मोठ्याने म्हणाला, "आ... सा..." आपल्याला येतंय या आनंदात त्याने पुढची दोन अक्षरंही म्हणून टाकली. मग चारही जोडून म्हटली. मग त्याला कळलं आपण काय वाचलं ते.

यादोराव मास्तरांच्या वर्गाचं यश ते एवढंच. पण पुरं होतं.

भैय्यालालने आरडाओरडा केला नाही. ताट सरकवलं आणि म्हणाला, "तू भात वाढतेस त असं वाटते, तो मेलेला मले वाढून राहिला."

धुरपता म्हणाली, "इतके वर्सं वाढला, तवा नाई टोचला?"

"तवा मले वाचता येत नोव्हतं."

ते नाव गेल्याबिगर या घरात जेवणार नाही असं सांगून तो उठला आणि त्याच गावात दिलेल्या थोरल्या बहिणीकडे, सुशिलाबाईकडे, जेवायला जाऊ लागला. झोपायला लाकडाच्या डेपोवर, जेवायला बहिणीकडे. गावात माणूस कुठे झोपतो याला लोक हसत नाहीत. कुठे जेवतो हे पाहतात. पाट लावून आणलेली बाई, मूलबाळ नाही, आणि नवरा तिच्या हातचं खात नाही. उद्या सुशिलाबाईने दुसरी बघितली तर अडवणार कोण? धुरपताला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आषाढ लागायच्या आत, रोवणी सुरू व्हायच्या आत, हे नाव जायला हवं होतं. नाहीतर घर तरी जाणार होतं.

पहिला इलाज सुशिलाबाईनेच सुचवला. तिच्या मते यात अवघड काही नव्हतं. कळीचा चुना आणि पापडखार कालवायचा, लेप द्यायचा, वर पान बांधून सकाळपर्यंत ठेवायचं. पान बांधून ती घरी निघून गेली आणि शांत झोपली. धुरपता झोपली नाही. सकाळी पान काढलं तर त्याबरोबर कातडी आली. खाली लालभडक मांस, आणि त्या मांसात, जराही न बिचकता, आसाराम.

"अजून खोल हाय वाटते," सुशिलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात थोडं कौतुक होतं.

जखम पिकली. मनगट वाकेना, काखेत गाठ आली. डाव्या हाताने भाकरी थापायची सवय व्हायला लागली, तेवढ्यात जखम बरी झाली. नवीन कातडीखालून अक्षरं तशीच दिसत होती, काचेखाली ठेवल्यासारखी.

शेजारची सत्यभामा रोज येऊन हळहळत होती, पण हळहळ वेगळ्याच गोष्टीची. जंगलपट्टीतल्या बायांची एक पक्की समजूत आहे: सोनं-नाणं इथं राहतं, लुगडं इथं राहतं, वर जाताना सोबत येतं ते फक्त गोंदण. सत्यभामा म्हणे, "वर गेल्यावर देव विचारते, काय आणलं? तवा तू काय दाखवशीन बाई? फोड?"

"नवरा जेवत नाई त्याचं देव काई विचारत नाई का?" धुरपता म्हणाली.

दुसरा इलाज बकारामचा. बकाराम जंगलातला वैदू, नावाजलेला. त्याने बिब्ब्याचं तेल काढलं आणि हातभर लांबून काडीने लावलं. लांबून का, हे धुरपताने विचारायला हवं होतं. बिब्बा ज्यांना उततो त्यांना असा उततो, की सांगायची सोय राहत नाही. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत फुगला, फोड आले, तोंड सुजलं, डोळे मिटले. बकाराम येऊन पाहून गेला आणि म्हणाला, बाईच्या अंगात उष्णता आहे. म्हणजे चूक बाईची. खोबरेल चोपडून ती पडून राहिली. भैय्यालाल दारातून डोकावला, त्याचंही तोंड उतरलं होतं. पण तो जेवायला बहिणीकडेच गेला.

सूज ओसरली तेव्हा नाव शाबूत होतं. फरक इतकाच, की भोवतालची कातडी जागोजागी पांढुरकी पडली होती आणि तिच्यावर हिरवी अक्षरं पूर्वीपेक्षा ठसठशीत उठून दिसत होती. पूर्वी वाचायला दिवा लागे. आता अंगणातून वाचता येत होतं. यादोराव मास्तर वाटेने जाताना नकळत वाचून गेले आणि मग पोथी हरवल्यासारखे घाईघाईने निघून गेले.

तेव्हा धुरपताने आगगाडी पकडली आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. एरवी दवाखाना म्हणजे केवलराम. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तो अशा लिही, की लोक औषध संपल्यावरही बाटली फेकत नसत. त्याने कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात गोंदण काढायची नवी रीत वाचली होती आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत होता. रीत अशी: मायफळाच्या सत्त्वाचा दाट काढा गोंदणावर लावून सुयांनी आत टोचायचा, वरून काडीखार, म्हणजे कातडी जाळणारा चांदीचा क्षार, घासायचा, म्हणजे ती जागा काळी पडते, खपली धरते, आणि खपलीबरोबर गोंदण जातं.

"जाईन का पण बाबू?" तिने विचारलं.

"पुस्तकात गेलं आहे," केवलराम म्हणाला.

त्याने बैठक मारली, चष्मा पुसला, आणि कामाला लागला. उगाच चांगली कातडी का बिघडवा, या विचाराने त्याने फक्त अक्षरांवर टोचलं. काना, मात्रा, वेलांटी जिथे जाईल तिथे सुई नेली. या नावात नशिबाने मात्रा-वेलांटी नव्हती, पण काने होते, आणि प्रत्येक काना त्याने वरपासून खालपर्यंत सरळ घेतला. आसारामाचं अक्षर जरा कलतं होतं. केवलरामच्या हाताला कलतं सहन होत नसे. धुरपताने पुन्हा दात दाबले. एकाच नावासाठी दुसऱ्यांदा.

नाव काळंकुट्ट पडलं. खपली धरली; पंधरवड्याने धुरपता दाखवायला आली तेव्हा ती गळली होती. खाली गुलाबी, कोवळी कातडी, आणि हिरव्याचा ठिपका नाही. केवलरामने तेव्हाच पुस्तक उघडून वरचं वर्णन लिहिलं. धुरपता गाडीने परतली, रोवणीला उभी राहिली. भैय्यालालला निरोप गेला. तो म्हणाला, रोवणी उरकू दे, मग येतो. इतके दिवस बहिणीकडे जेवून एकदम परतायचं म्हणजे थोडा मान राखायला हवा.

पण चिखलात हात घालता घालता ती जागा खाजायला लागली. आधी खाज, मग चुरचुर, मग कातडी वर येऊ लागली. जिथे सुई गेली होती तिथे तिथे, आणि तिथेच. रोवणी संपेतो गुलाबी रेघांच्या जागी टणक, चकचकीत, गांडुळाएवढ्या जाड वळ्या उभ्या राहिल्या. धुरपता पुन्हा दवाखान्यात गेली. यावेळी डॉक्टर होता. त्याने हात पाहिला, केवलरामकडे पाहिलं, आणि विचारलं, अक्षरांवरून टोचायला कोणी सांगितलं होतं? केवलराम म्हणाला, घालवायची अक्षरंच होती ना साहेब. डॉक्टरने चष्मा काढून डोळे चोळले. मग धुरपताला सांगितलं, की काही लोकांची कातडी अशीच असते, वण भरला की थांबत नाही, फुगतच जाते. कापला तर दुप्पट येईल. आता याला हात लावू नको. कुणालाही लावू देऊ नको.

पुस्तकातली नोंद कुणी बदलली नाही. केवलरामच्या मते ती खरीच होती. गोंदण तर गेलंच होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भैय्यालाल घरी जेवायला आला. न्हाऊन, केस चोपडून. धुरपताने ताट मांडलं, भात वाढायला हात पुढे केला. त्याने हिरवं कुठे दिसतं का पाहिलं. नव्हतं. तो खुशीत येऊन म्हणाला, गेलं म्हणजे, आणि मायेने तिचं मनगट धरलं. त्याचा अंगठा वळीवरून सरकला आणि थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून सरकला. ओठ हलू लागले. वर्गात पाटीवर अडखळणारा भैय्यालाल हे न पाहता सरसर वाचून मोकळा झाला.

"धुरपता," तो म्हणाला, "हे त..."

तिने हात सोडवून घेतला. भाताचं भांडं खाली ठेवलं. आणि बाईने जे करायचं नसतं ते केलं.

"आसाराम," ती म्हणाली. "तोंडानं घेतलं पाहा मी. आसाराम. मरून इतके वर्सं झाले त्याले. त्यानं एकदा टोचलं, तुमी तीनदा सोलून राहिले. चुन्यानं जाळलं, बिब्ब्यानं जाळलं, खारानं जाळलं. आता डाक्टर म्हणते याले कोणी हात लावाचा नाई. मी बी लावत नाई, तुमी बी लावू नका."

"मी कोठं लावला हात? माह्या बहिनीनं चुना..."

"जेवाचं असन त भात तुमी घ्या वाढून. माह्या हातावर कोनी बसला हाय, तुमच्या हातावर त कोनी नाई ना?"

भैय्यालालने ताट सरकवलं. मग उठून सुशिलाबाईकडे गेला. सुशिलाबाई चुलीपुढे बसली होती. भावाला बायकोपासून तोडण्यात तिला जेवढा रस होता तेवढा उन्हाळाभर आणि रोवणीभर त्याला दोन वेळा जेवू घालण्यात संपला होता; दुसरी बायको बघायची तर ती येईपर्यंतही तोच रांधा तिच्याच माथी होता. ती मागे न वळता म्हणाली, "काऊन आला रे? तुह्या घरी चूल नाई का? जाय, नाव त नाव. तुले चावत हाय का ते?"

तो परत आला. भात निवला होता. त्याने वाढून घेतला.

दवाखान्याच्या पुस्तकात खूण पूर्णपणे नाहीशी आहे. भैय्यालालने वर्ग सोडला आणि पुढे बाकीची अक्षरं तो विसरला; चार तेवढी येतात. भात तो अजून स्वतःच वाढून घेतो.