हत्ती तीनदा आला

माझे सासरे इंग्रज साहेबाच्या हाताखाली कचेरीत कारकून होते. बुद्धिबळात त्यांना हरवणारा आमच्या शनवारा मोहल्ल्यात कुणी नव्हता, आणि त्याची त्यांना घमेंडही होती. पुढे पाय अधू झाला, खेळायला येणारे आटले, तेव्हा त्यांनी मलाच खेळ शिकवला. मी रोज हरायची.

एका दुपारी माझा धाकटा भाऊ माहेराहून, जैनाबादहून नावेने तापी ओलांडून आला. "आईचं काही खरं नाही. ताईला आजच भेजा," म्हणाला. सासरे त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "पट मांड, सूनबाई. जिंकलीस तर जा. बुर्जी झाली तरी जा."

एकाचा राजा सोडून सारं सैन्य मेलं की डाव बरोबरीत सुटतो, त्याला आम्ही बुर्जी म्हणतो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई तिकडे अंथरुणाला खिळलेली आणि या माणसाला खेळ सुचतोय! पण त्या घरात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. भाऊ उंबऱ्याशी बसून राहिला.

तासाभरात माझ्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं. सासऱ्यांनी हत्ती आणून त्या प्याद्यावर लावला. मी ते एक घर पुढे काढलं. हत्ती पुन्हा आला, मी पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा वाचवलं तेव्हा मला चक्क आनंद झाला. एवढं एक तरी त्यांच्या हाती लागू दिलं नव्हतं!

ते बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी मात दिली. भाऊ एकटाच परत गेला, आणि तिसऱ्या दिवशी आई गेल्याचा निरोप आला.

त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. कितीतरी वर्षांनी, शेवटच्या आजारात, मी पेज भरवत असताना ते म्हणाले, "तीनदा हत्ती लावला होता, पोरी. मारू का नाही दिलंस?"

मी वाटी खाली ठेवली. त्या डावात बुर्जी माझ्या डोक्यातून साफ गेली होती.

"पाठवायचंच होतं, तर नुसतं जा का नाही म्हणालात?" मी ओरडले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आता तेही नाहीत. पण दुपारी डोळा लागला की तो हत्ती समोर येतो. दे, देऊन टाक, असं मी स्वतःला सांगते, आणि माझा हात प्यादं पुढे काढतो.