ताक्याची रुसूबाई
गेल्या वर्षी, ब्याण्णवच्या मेमध्ये, आमच्या पांगलाव बेटावर समुद्री गोगलगायींची मोजणी झाली. विद्यापीठाच्या मेल्चोरा बाईंनी गावातून दोघींना बरोबर घेतलं. शेजारची ताक्या ओळखायची, मी लिहायची. ओहोटीला दोरी ताणायची, दर दहा पावलांवर चौकट टाकायची आणि आत सापडेल तो प्रत्येक शंख उचलून नोंदायचा. ताक्या साठीची, एका डोळ्यात मोतीबिंदू. पण नुसत्या बोटांनी चाचपून शंखाची जात सांगायची.

तिसऱ्या दिवशी खडकावर वाटाण्याएवढा काळा जीव दिसला. हात लावताच त्यानं शंखाचं झाकण मिटलं आणि खाली घरंगळला.

"गावात काय म्हणतात याला?" बाईंनी विचारलं.

"रुसूबाई," ताक्या म्हणाली.

"काहीतरीच. मी नाही कधी ऐकलं," मी म्हटलं.

"तू कशी ऐकशील, पुरिता? आम्ही दोघीच म्हणायचो. मी आणि लुदिना."

लुदिना तिची धाकटी बहीण. दूरच्या पालावान बेटावरच्या होडीवाल्याबरोबर पळून गेली, त्याला छत्तीस वर्षं झाली. बापानं तिची पत्रं न फोडता चुलीत घातली. तो मेला तेव्हा पत्ता कुणाकडेच उरला नव्हता.

मेल्चोरा बाई म्हणाल्या, "मी ऐकलंय हे नाव. पालावानच्या दक्षिण टोकाला. तिथल्या सगळ्या बायका म्हणतात."

"म्हणजे लुदिनानंच नेलं ते तिथं," ताक्या म्हणाली.

मोजणी संपली तशा ताक्या आणि मी पालावानला निघालो. दोन जहाजं, एक बस आणि शेवटी चालत. दक्षिण टोकाच्या गावात एक म्हातारी उकडलेल्या शंखातून काट्यानं मांस काढत बसली होती. ताक्यानं लुदिनाचं नाव घेऊन विचारलं.

"लुदिना होय? मोठी शहाणी. दगड उलटलात तर परत होता तसा ठेवा, म्हणून आम्हाला रागवायची."

"कुठाय ती?"

"भरतीनं घर नेलं तिचं. मुलाकडे गेली, बालाबाक बेटावर. झाली सहा वर्षं."

बालाबाक तिथून होडीनं दिवसभराचं. पण वारं फिरलं होतं, होड्या वर ओढलेल्या. ताक्या रोज सकाळी नावाड्याकडे जायची. "आज?"

"आजी, बहिणीला भेटायचंय की देवाला?" तो म्हणायचा.

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी मीच म्हटलं, "चल आता घरी." तिला लिहिता येत नाही, म्हणून पत्र मी लिहिलं. ती तासभर बोलली, रडली, मग म्हणाली, "एवढंच लिही. बाबा गेले. घर तिथंच आहे. मी रोज ओहोटीला जाते."

पत्र म्हातारीकडे दिलं. वारं पडल्यावर ते होडीनं गेलं, असा निरोप आला. उत्तर अजून नाही. ताक्या ओहोटीहून परतली की आधी माझ्या दारात येते. "काही आलं?" मी मान हलवते. ती टोपली घेऊन घरी जाते.

पुढच्या उन्हाळ्यात मेल्चोरा बाई बालाबाकला मोजणीला जाणार आहेत. होडीत माझी जागा धरा, असं ताक्यानं त्यांना सांगून ठेवलंय.

"आणि माझी?" मी विचारलं.

"तू नको या खेपेला," ती म्हणाली. "आम्हाला दोघींनाच बोलायचंय."